एकच मॅच, दोन शहरं, एक कॉपी: बेसबॉल रिपोर्टिंगचा माझा अनुभव

शेवटचा आऊट पडला की त्याच मिनिटाला बातमी गेली पाहिजे, असं एडिटरने पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा मला कळेचना, मॅच संपायच्या आधी लिहायचं तरी काय. मी क्लीव्हलँडला राहते, सीझनमध्ये एका वृत्तसंस्थेसाठी स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे पगारी नोकरीवर नसलेली बातमीदार म्हणून, इथल्या गार्डियन्स टीमच्या प्रोग्रेसिव्ह फील्ड या मैदानाच्या प्रेस बॉक्समध्ये बसते. वृत्तसंस्थेची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, दोन्ही टीमच्या शहरांत जाते, म्हणजे गार्डियन्सनी डेट्रॉइटला हरवलं तर इथला माणूस खुशीत वाचणार आणि तिकडचा चरफडत, पण दोघांनाही वाटलं पाहिजे की हो, मी बघितली ती मॅच हीच.

तर कॉपी खालून वर लिहायची. पाचव्या-सहाव्या इनिंगपासून मधला भाग सुरू करायचा, स्टार्टिंग पिचरने (सुरुवातीला बॉल टाकणाऱ्याने) काय केलं, रन कसे आले, कोण दुखापतीतून परत येतोय, उद्या कोण पिच करणार, हे कोणीही जिंकलं तरी बदलत नाही. मग सातव्या-आठव्याला दोन लीड, म्हणजे बातमीची सुरुवातीची वाक्यं, लिहून ठेवायच्या, एक या टीमची, एक त्या टीमची. प्रत्येक इनिंगमध्ये होम टीम शेवटी बॅटिंग करते, त्यामुळे नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात एका फटक्यात सगळं फिरू शकतं. त्यात २०२३ पासून पिच क्लॉक, म्हणजे पिचरसाठीचं घड्याळ, आलंय, बेसवर रनर नसेल तर १५ सेकंदांत बॉल टाकायचा, आणि सरासरी मॅच ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० वर आली. खेळ खरंच छान झाला, पण आता दोन बॉलच्या मधे वाक्य पुरं होत नाही, इनिंग बदलतानाच काय ते लिहायचं.

सवय व्हावी म्हणून मी घरी जुन्या मॅचचा प्ले-बाय-प्ले (एकेका खेळीची नोंद) उघडून घड्याळ लावून लिहायचे, आणि मुद्दाम २०१६ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच घेतली कारण ती क्लीव्हलँड हरलं होतं, इथेच, ८-७, दहाव्या इनिंगमध्ये. शिकागो कब्सना १९०८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज मिळाली, त्यामुळे लीड त्यांचीच, यात वादच नाही. पण आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडच्या रजाय डेव्हिसने कब्सचा पिचर अरोल्डिस चॅपमनला होम रन मारून ६-६ केलं, ते इथे लोक अजून विसरलेले नाहीत, ते दहाव्या पॅरात ढकललं तर क्लीव्हलँडचा माणूस पुढे वाचणारच नाही. आणि गंमत बघा, मग १७ मिनिटं पावसाने खेळ थांबला, कब्सच्या बेन झोब्रिस्टने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारून आघाडी परत मिळवली, आणि बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, विनिंग पिचर (ज्याच्या नावावर विजय जातो तो) कोण तर चॅपमनच! आकडे बरोबर आहेत पण रात्र कशी गेली ते त्यातून कळत नाही, ते वाक्यातच सांगावं लागतं. तिथून मी ठरवलं, निर्णायक क्षण दोन्ही बाजूंनी लिहायचा, कोणी मारलं आणि कोणता बॉल होता, काउंट (त्या बॅटरचे किती बॉल, किती स्ट्राइक झाले ते) काय होता. नुसतं ‘पिचरने मॅच घालवली’ मी लिहीत नाही, समोरच्यानेही चांगला बॉल लांब मारलेला असतो.

पहिली कॉपी कोटशिवाय जाते. मॅचनंतर दहा मिनिटांत क्लबहाऊस, म्हणजे टीमच्या ड्रेसिंग रूम, पत्रकारांसाठी उघडतात, दोन्ही एकाच वेळी, आणि आपण एकटे. मी आधी हरलेल्यांकडे जाते, तिथे लोक पटकन निघून जातात, त्यात पाहुणी टीम असेल तर बस उभीच असते, जिंकलेले बराच वेळ बोलत बसतात. मग दोन्ही मॅनेजरचा एकेक कोट, हिरोचा एक, हरलेल्या पिचरचा एक, आणि दुसरी कॉपी. डेस्क म्हणालं जागा कमी आहे तर मी जिंकलेल्यांचा जास्तीचा कोट काढते, पण त्या पिचरने सहा इनिंग खरंच चांगल्या टाकल्या असतील तर तो पॅरा ठेवायला भांडते, त्याच्या गावचे लोक तोच शोधत येतात.