न दाखवलेले हिरोशिमा, न दाखवलेले आउश्वित्झ

रविवार, रात्री

आज मित्रमंडळींत पुन्हा ख्रिस्तोफर नोलन आणि जोनाथन ग्लेझर या दोन दिग्दर्शकांवरून वाद पेटला. नोलनचा ‘ओपनहायमर’ अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचा, तर ग्लेझरचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या भिंतीलगत राहणाऱ्या छावणीप्रमुखाच्या कुटुंबाचा. २०२३ साली आलेले हे दोन्ही चित्रपट विसाव्या शतकातील महासंहाराविषयी आहेत आणि दोन्हींत तो संहार प्रत्यक्ष पडद्यावर येत नाही. एका मित्राचे म्हणणे असे, की तीन तासांच्या चित्रपटात हिरोशिमाला एकही दृश्य न देणे ही सरळसरळ पळवाट आहे. एका मैत्रिणीला मात्र ग्लेझरचाच चित्रपट कोरडा वाटतो. भिंतीपलीकडे काय चालले आहे हे एकदा कळले, की पुढे कळण्यासारखे काही उरत नाही, असे तिचे मत.

दिग्दर्शकाचे तत्त्वज्ञान आपण बहुधा पात्रांच्या संवादांत शोधतो. मला ते कॅमेरा कुठे ठेवला आणि शॉट कुठे तोडला यात सापडते. फ्रेंच समीक्षक आणि दिग्दर्शक जाक रिव्हेत याने १९६१ मध्ये ‘काय्ये द्यु सिनेमा’ या फ्रेंच नियतकालिकात ‘कापो’ या चित्रपटावर जो लेख लिहिला, त्याचा सारा रोख एका शॉटवर होता. छळछावणीतील कैदी स्त्री विजेच्या तारांवर स्वतःला झोकून देते आणि कॅमेरा तिच्या मृतदेहाकडे सरकत जाऊन चौकट नीटनेटकी करून घेतो. असे करणारा दिग्दर्शक तिरस्कारालाच पात्र आहे, असा रिव्हेतचा निवाडा होता. मला तो आजही कठोर वाटतो, पण चुकीचा वाटत नाही.

आता नोलन. त्याने पटकथा ओपनहायमरच्या तोंडी, प्रथमपुरुषी लिहिली आणि ओपनहायमरच्या नजरेतून दिसणारा भाग रंगीत ठेवला. त्यामुळे आपल्याला त्याच्या डोक्याबाहेर पडता येत नाही. बॉम्ब पडल्यानंतरच्या भाषणात टाळ्यांचा आवाज अचानक नाहीसा होतो, समोरच्या तरुणीच्या चेहऱ्यावरची त्वचा सुटू लागते आणि त्याचा पाय एका कोळसा झालेल्या देहात रुततो. पुढे हिरोशिमाच्या स्लाइड दाखवल्या जातात, तेव्हा कॅमेरा पडद्याकडे न वळता त्याच्याच चेहऱ्यावर थांबतो आणि तो मान फिरवतो. त्या मान फिरवण्यातच चित्रपटाचा आरोप आहे, असे मी आज मित्राला सांगितले. तरीही त्याच्या बोलण्यातले एक शल्य मला खोडून काढता आले नाही: अपराधी माणसाच्या कल्पनेतही भाजलेला चेहरा त्याच्याच सभागृहातल्या मुलीचा आहे, जपानी माणसाचा नाही.

ग्लेझरची पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. आउश्वित्झच्या भिंतीला लागून असलेल्या ह्योस कुटुंबाच्या घराचे चित्रीकरण करताना त्याने अनेक स्थिर कॅमेरे लपवून ठेवले, तंत्रज्ञांना घराबाहेर काढले आणि नटांना खोल्यांतून मोकळे फिरू दिले. कुणाच्याही चेहऱ्याकडे कॅमेरा सरकत जात नाही, म्हणजे ‘कापो’तला तो शॉट इथे मुळातच अशक्य करून टाकला आहे. छावणीप्रमुखाची बायको हेडविग कुणा कैद्याचा फर कोट आरशासमोर घालून बघते, खिशात तिला लिपस्टिक सापडते आणि ती ती आपल्या ओठांना लावून पाहते. हे सारे ग्लेझर घरातल्या इतर कामांच्याच अंतरावरून दाखवतो. भिंतीपलीकडचे सारे कानांवर सोपवलेले आहे. ध्वनीचा ऑस्कर ‘ओपनहायमर’ला नव्हे, या चित्रपटाला मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

मैत्रिणीच्या आक्षेपावर मला हेडविगच्या आईची आठवण झाली. ती लेकीकडे राहायला येते, बाग बघून हरखून जाते, रात्री खिडकीतून धगधगता उजेड पाहते आणि कुणालाही न सांगता निघून जाते. तिने मागे ठेवलेली चिठ्ठी हेडविग वाचते आणि शेगडीत टाकते. चिठ्ठीत काय होते, ते आपल्याला कळत नाही. कळण्यासारखे काही उरले नव्हते, तर त्या चिठ्ठीने मी इतका अस्वस्थ का झालो, असे मी तिला विचारले. ती चित्रपट पुन्हा बघणार आहे. मित्र मात्र नोलनवरचे आपले मत तसूभरही बदलायला तयार नाही.