माउथऑर्गनचा तो जाड आवाज आणि अँपची पहिली ट्यूब

परवा एका मित्राचा फोन आला. त्यानं माउथऑर्गन वाजवायला शुअरचा ग्रीन बुलेट माइक घेतलाय, घरच्या ट्यूब अँपला (म्हणजे काचेच्या जुन्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर) लावला आणि व्हॉल्यूम तीनवर गेला की लगेच कुईईई, लग्नाच्या हॉलमधे माइक टेस्टिंगला होतं तस्सं. "अरे माइक खराब निघाला का रे?" माइक खराब नाहीये आणि अँपही चांगलाय, दोघांची जोडी जमलेली नाही एवढंच. फोनवर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, हे माइक गाण्यासाठी बनलेलेच नव्हते. ग्रीन बुलेट १९४९ चा, अनाउन्समेंट करायला, रेडिओवर निरोप द्यायला वापरायचे. अ‍ॅस्टॅटिकचा जेटी-३० पण त्याच कुळातला. शिकागोमधे ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या बँडमधे लिटल वॉल्टर माउथऑर्गन वाजवायचा, आजूबाजूला इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम, त्यात दहा भोकांचा एवढासा हार्प (वाजवणारे माउथऑर्गनला हार्पच म्हणतात) ऐकू तरी कसा जाणार, म्हणून त्यानं माइक आणि हार्प एकाच ओंजळीत घट्ट धरले आणि अँपमधे सोडले. १९५२ पासूनची त्याची रेकॉर्डिंग ऐका, तो आवाज माउथऑर्गनपेक्षा सॅक्सोफोनच्या जवळ जातो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा हे माउथऑर्गन आहे यावर विश्वासच बसला नव्हता.

आता जोडी का बिघडते ते सांगतो. गिटारचा अँप गिटारच्या पिकअपसाठी, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या भागासाठी, बनवलेला असतो. ओंजळीत बंद केलेला माइक त्याहून कितीतरी जोरात सिग्नल देतो, आणि वर तो माइक आहे, म्हणजे स्पीकरमधून आलेला आवाज परत ऐकतो आणि परत अँपला देतो, हे चक्र सुरू झालं की शिट्टी. बहुतेक अँपमधे पहिली ट्यूब १२एएक्स७ असते, तिचा गेन फॅक्टर, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, १००. एवढा गेन सुरुवातीलाच मिळाला की अँप दोन-तीनवरच किंचाळतो आणि पुढच्या पॉवर ट्यूबना, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ट्यूबना, काम करायची वेळच येत नाही. आणि खरा गोडवा तर तिथेच आहे! पॉवर ट्यूब आणि स्पीकर दमायला लागले की आवाज दाटतो, भरतो.

म्हणून पहिली ट्यूब बदला. ५७५१ चा गेन साधारण ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४४. याच खोबणीत बसतात, फक्त अँप बंद करून थंड होऊ द्या आणि मागचं पॅनल उघडून आत हात घालू नका, बंद अँपच्या कॅपॅसिटरमधेही जीवघेणा व्होल्टेज शिल्लक असतो. फेंडरचा १९५९ चा बेसमन, ५एफ६-ए सर्किट, दहा इंची चार स्पीकर, हार्पवाले त्याच्यासाठी जीव टाकतात, त्यात पहिली ट्यूब मुळातच १२एवाय७ होती. म्हणजे बेस गिटारसाठी बनलेला अँप हार्पला असा आयता जुळला. माझ्या पाच वॉटच्या छोट्या अँपमधे मी १२एवाय७ घातली तेव्हा व्हॉल्यूम तीनऐवजी सहापर्यंत जायला लागला आणि तोच माइक, तोच हार्प एकदम वेगळा बोलायला लागला. ट्रेबल खाली, बेस वर ठेवा, शिट्टी बहुतेक वेळा वरच्या सुरांतच सुरू होते.

माइकचा प्रकार पण बघावा लागतो. जुन्या ग्रीन बुलेटमधे मॅग्नेटिक एलिमेंट (आवाज पकडणारा आतला भाग) असतं, ते फार नखरे करत नाही. जुन्या फेंडरला दोन इनपुट असतील तर दुसऱ्यात लावून बघा, तिथे सिग्नल निम्मा होतो, एक पैसा खर्च न करता फरक कळतो. पण जेटी-३० सारखा क्रिस्टल माइक तिथे लावू नका. क्रिस्टलला समोर पाच मेगाओमच्या आसपास इम्पिडन्सचा (म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा) इनपुट लागतो, गिटार अँपचा असतो एक मेगाओम आणि त्या दुसऱ्या इनपुटचा तर त्याहून खूप कमी, मग खालचे सूर गळून जातात आणि आवाज पत्र्यासारखा येतो. लोक म्हणतात माइक पातळ आहे, खरं तर इनपुट चुकलेला असतो. आणि एसएम५८ सारखा स्टेजचा माइक वापरायचा असेल तर तो लो इम्पिडन्सचा, साध्या केबलनं अँपला लावला तर मरगळलेला वाटेल, मधे इम्पिडन्स ट्रान्सफॉर्मर लावा, छोटीशी नळकांडी असते ती, खूप फरक पडतो.

क्रिस्टलबद्दल अजून एक, आणि हे आपल्याकडच्या लोकांनी फार जपायला हवं. त्यातला क्रिस्टल रोशेल सॉल्टचा असतो, म्हणजे एक प्रकारचं मीठच, उष्णता आणि दमट हवा दोन्ही त्याचे शत्रू. माझा जुना जेटी-३० हिवाळ्यात मस्त वाजत होता, डोंबिवलीतला एक पावसाळा गेला आणि आवाज अर्धा झाला, पुढच्या पावसाळ्यानंतर गेलाच. खूप वाईट वाटलं, अजून तो फेकवत नाही. कोकणपट्टीत राहत असाल तर मॅग्नेटिक घ्या, क्रिस्टल घ्यायचाच असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आणि अमेरिकेतून जुना अँप मागवलात तर तो १२० व्होल्टचा असतो, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या प्लगला लावू नका.

हे सगळं करायच्या आधी ओंजळ बघा मात्र. बोटांमधे फट राहिली तर बेसमन आणला तरी आवाज पातळच येणार. माइकच्या जाळीभोवती हवा कोंडली गेली पाहिजे, आणि सूर ओढताना घसा मोकळा, श्वास पोटातून. मी रोज दहा मिनिटं अँप न लावता नुसती पकडच करतो.

मित्रानं १२एवाय७ मागवलीये. आली की त्याच्या घरी जाऊन दोघं मिळून बसवणार आहोत, ए या पट्टीचा हार्प तयार ठेव म्हणून सांगितलंय त्याला.