जुना पीसी: एसएसडी आणि रॅम घालायची की मशीनच बदलायचं?

मशीन असं होतं: आय५-४४४० (इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर), एच८१ मदरबोर्ड, ४ जीबीची एकच रॅम पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. काय विकत घ्यायचं हे ठरवण्याआधी गाडी कुठे अडतेय ते पाहायला हवं, म्हणून टास्क मॅनेजर उघडला. सुरू झाल्यापासून सात-आठ मिनिटं डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर २० च्या आसपास. ब्राउझरचे पाच टॅब उघडले की रॅम भरायची, मग विंडोज उरलेला भार डिस्कवरच्या पेजफाइलवर टाकायचं. म्हणजे रॅमची टंचाईसुद्धा त्या संथ डिस्कच्याच माथी. दुखणं प्रोसेसरचं नव्हतं.

फिरत्या डिस्कला प्रत्येक तुकड्यासाठी हेड हलवावं लागतं. विखुरलेल्या फायली असल्या की सेकंदाला शंभर-सव्वाशे वाचनांपुढे ती जात नाही. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तेच काम हजारोंनी करते. जुन्या मशीनमध्ये जाणवणारा फरक इथेच पडतो.

याच सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत, बसणारा जुना आय७ घ्यावा का, हाही विचार झाला. कोअर तिथेही चारच, थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) तेवढे आठ. आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण ८ व्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते या सॉकेटवर होणार नाही. तिथवर जायचं तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही नवीन. आताची डीडीआर३ जातीची रॅम पुढच्या बोर्डावर चालत नाही, साटा केबलने जोडायची अडीच इंची एसएसडी मात्र चालते. म्हणून खर्च एसएसडी आणि रॅम या दोनच वस्तूंवर केला, त्यातही रॅमवर कमीत कमी.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इथे काम ब्राउझर, ईमेल आणि मराठी टायपिंगचं, त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घ्यायचं ठरलं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो. टॅली किंवा श्रीलिपी ही विंडोजवरची सॉफ्टवेअर रोज लागत असतील तर हा मार्ग धरू नका, तिथे नवीन मशीनच घ्यावं.

त्याआधी जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायचा, म्हणजे क्लोनिंगचा, बेत होता. तो डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने मोडला. त्यात ०५ (बदललेले सेक्टर) आणि सी५ (वाचायला अडणारे सेक्टर) या ओळींची रॉ किंमत शून्य हवी, आणि सी५ मध्ये ८ होते. वाचता न येणारे सेक्टर असले की क्लोन मधेच अडकतो, किंवा फाइल बिघडलेली येते. आधी कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर काढले, चार-दोन फायली उघडून पाहिल्या, मग कोरं इन्स्टॉलेशन केलं. त्या वेळी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी. चुकीची डिस्क फॉरमॅट व्हायचा धोकाच राहत नाही.

एच८१ वर चार साटा जोडण्यांपैकी दोनच ६ गिगाबिटच्या असतात, बाकीच्या ३ च्या. बोर्डावर छापलेलं वाचून एसएसडी ६ च्या जोडणीला लावली आणि बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर नेला. केसमध्ये अडीच इंची जागा नव्हती, एका बाजूचे दोन स्क्रू पुरले. एसएसडीच्या आत हलणारं काही नाही, तेव्हा चालतं.

रॅमने वेळ खाल्ला. स्लॉट दोन, कमाल १६ जीबी, म्हणून ४ ची जोडीदार पट्टी घेऊन ८ केली. डीडीआर३ च्या खूप स्वस्त ८ जीबी पट्ट्यांवर बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेलं असतं, त्या इंटेल बोर्डावर चालत नाहीत. नवी पट्टी बसवल्यावर स्क्रीन काळीच, नुसते बीप. पट्टीचं एक टोक अर्धं वर राहिलं होतं. वायर काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं, सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवला आणि पट्टी सरळ खाली दाबली. दोन्ही टोकांच्या कड्या आपोआप मिटून ‘टक्’ झालं की ती बसली. मग रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली, एकही चूक आली नाही.

केस उघडीच होती, तेव्हा बोर्डावरचा घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेलही बदलला. तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि बँकेची साइट सर्टिफिकेट चुकीचं असल्याचं सांगून उघडत नाही. दोष इंटरनेटला दिला जातो.