'डी' म्हणजे डिजिटल नव्हे
फोंड्याच्या आमच्या घरातला जुना क्लास एबी अँप्लिफायर मे महिन्यात इतका तापायचा की हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, हात ठेववत नसे. चतुर्थीआधी मी टीपीए३११६ चिपचा छोटा क्लास डी बोर्ड जोडला.

दुकानदार त्याला 'डिजिटल' म्हणाला. तसं नाही. अँप्लिफायरच्या प्रकारांना, म्हणजे 'क्लास'ना, ए, बी, सी अशी अक्षरं आहेत; त्यांच्यानंतरचं अक्षर म्हणून डी, एवढंच. आत येणारा सिग्नल अ‍ॅनालॉगच असतो. त्रिकोणी लहरीशी त्याची तुलना होऊन कमी-जास्त रुंदीचे स्पंद बनतात, मॉसफेट (स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर) सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि शेवटी कॉईल व कपॅसिटर त्यातून संगीत गाळून काढतात. मॉसफेट एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. म्हणून उष्णता कमी आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. खरा डिजिटल अँप्लिफायर सीडीतले आकडेच थेट स्पंदांत बदलतो, मध्ये डॅक (आकड्यांचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा भाग) लागत नाही.

काटकसर पॉवर सप्लायवर मात्र करू नका. माझ्या पहिल्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरने सतत गुणगुण लावली होती. तो बदलला आणि रात्री गायक पं. जितेंद्र अभिषेकीबुवा लावले. बुवा मंगेशीचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. तानपुरा इतका स्वच्छ ऐकू आला की आई हातातलं काम टाकून येऊन बसली.