तुम्ही विचारलंत म्हणून: आईची दारूबंदी आणि माझी भट्टी

प्रश्न नेहमी तोच असतो. लग्नकार्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर, एकदा तर आईच्या ओळखीतल्या एका बाईंनी थेट आयर्लंडला फोन लावून विचारलं, "आईनं गावातली दारू बंद केली आणि तू तिकडे जाऊन दारू गाळतेस? काही वाटत नाही का गं?" वाटतं. काय वाटतं ते आज सांगते.

आईचं काम तुम्हाला ठाऊक आहे. दारूबंदीसाठीचं आडव्या बाटलीचं मतदान, तहसीलवरचे मोर्चे, सगळं तुम्ही पाहिलंय, काहीजणी तिच्या बरोबरच होतात. माझं काम मात्र कुणी कधी विचारलं नाही.

आमची डिस्टिलरी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, लहान आहे, कॉर्क शहराच्या बाहेर, जुन्या दगडी गोठ्यात. मोड आणून वाळवलेली बार्ली, तेवढीच कच्ची बार्ली, शिवाय ओट आणि थोडी राय (rye) ही धान्यं असं मिश्रण आम्ही घेतो. एकोणिसाव्या शतकात इथली व्हिस्की अशा मिश्र धान्यांचीच असे. 1830 साली एनियस कॉफी नावाच्या माणसानं दारू गाळायच्या, सलग चालणाऱ्या उभ्या यंत्राचं पेटंट घेतलं. डब्लिनच्या बड्या गाळणाऱ्यांनी ते नाकारलं, स्कॉटलंडनं उचललं. पुढे बाजार हातचा गेला, आणि 1980 च्या दशकाच्या मध्याला अख्ख्या बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स या दोनच जागी व्हिस्की गाळली जात होती. ओटाची जुनी प्रमाणं वह्यांतच राहिली. 2014 साली 'पॉट स्टिल', म्हणजे मोडाची आणि कच्ची बार्ली मिसळून भांड्यात गाळलेल्या व्हिस्कीचे नियम लिहिले गेले तेव्हा बार्लीखेरीज इतर धान्यांना 5 टक्क्यांची मर्यादा घातली. आमच्यात ती जास्त आहेत, म्हणून जुन्या पद्धतीनं केलेल्या आमच्या व्हिस्कीवर आम्ही ते जुनं नाव लावलेलं नाही. याचा मला अजून राग येतो.

कच्ची बार्ली भयंकर चिकट. गरम पाण्यात भिजवली की खळ होते आणि रस खाली उतरतच नाही. ओटाचं टरफल मध्ये राहतं, म्हणून निथळायला वाट मिळते. तांब्याच्या भांड्याखाली आम्ही थेट जाळ लावतो. तळाला लागू नये म्हणून आत साखळी फिरत असते. तिच्या घासण्याचा आवाज जड झाला की जाळ कमी करायचा. सुरुवातीची धार बाजूला काढायची, ती उग्र असते. मग दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्यायचा. गोड धान्याचा वास आला की नळी फिरवायची. हे काम मला येतं, आणि ते येणारे फार लोक उरलेले नाहीत.

आई आली तेव्हा मी तिला आग्रह केला नव्हता. "दाखव तरी," असं तीच म्हणाली. भांडी तिनं नीट पाहिली, तांब्यावरून हात फिरवला. मग आम्ही आंबवण्याच्या खोलीत गेलो आणि ती दारातच थांबली. वास तिला ओळखीचा होता.

"हे रसायनच की," ती म्हणाली.

काळा गूळ आणि नवसागर घालून ओढ्याकाठी पुरलेल्या पिंपांत जे सडवतात ते रसायन. अशी कितीतरी पिंपं तिनं स्वतःच्या हातांनी लवंडली आहेत. तो वास दोन-दोन दिवस लुगड्याला राहायचा. मी घाईघाईनं सांगू लागले: यात नवसागर नाही, प्रत्येक घाणा तपासला जातो, तीन वर्षं लाकडी पिंपात मुरल्याशिवाय कायद्यानं हिला व्हिस्कीसुद्धा म्हणता येत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही.

तेवढ्यात चोथा न्यायला शेतकरी आला. बार्ली त्याचीच, चोथा त्याच्या गाईंना. त्याच्या कोटावर पायोनियरांची बारीक पिन होती. 1898 पासूनची कॅथलिक संस्था आहे ती. जन्मभर दारू न पिण्याची शपथ घेतलेली माणसं ती पिन लावतात. आईला सांगितलं तर तिचा चेहरा एकदम बदलला. "मग बार्ली कशी विकतो, विचार त्याला."

मी विचारलं. तो म्हणाला, शेत आहे, पिकतं ते विकावं लागतं. ट्रॅक्टर भरेपर्यंत गप्प होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझा भाऊ यातच गेला."

मी ते आईला मराठीत सांगितलं. सांगताना 'यातच'वर अडखळले. ती म्हणाली, "मग हा तुझ्या बाजूचा की माझ्या?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स स्ट्रीटवर तिला फादर मॅथ्यूंचा पुतळा दाखवला. 1838 मध्ये याच शहरात त्यांनी दारूमुक्तीची चळवळ सुरू केली आणि लाखोंना शपथ दिली. "पुढे काय झालं त्या शपथांचं?" म्हटलं, 1845 पासून बटाट्याचा दुष्काळ पडला, चळवळ ओसरली. "दुष्काळात बायकांना बैठकीला यायला वेळ कुठला," ती म्हणाली, आणि तिथेच फुटपाथवर उभी राहून तिच्या गटांचं मला सांगत राहिली.

पूर्वी मी तुम्हाला सांगायची की ते विष आणि ही कला. असंही म्हणायची, की आमची बाटली महाग आहे, गरिबाच्या घरात जात नाही. हे दुसरं वाक्य मी सोडून दिलंय. श्रीमंताच्या घरातही बायको असते. पहिलं वाक्य मला पूर्ण सोडवत नाही, कारण नवसागर घातलेलं पिंप आणि आमचं काम एकच, हे मी मान्य करणार नाही. पण प्यायलेला माणूस घरी गेल्यावर पुढे काय होतं, त्यात फरक पडतो का? आई म्हणते, नाही. तिनं ती घरं पाहिली आहेत, मी नाही.

तरी काम सोडणार नाही. मी सोडलं तर एकही माणूस प्यायचा थांबणार नाही, फक्त ती साखळी ऐकणारं एक माणूस कमी होईल. हा युक्तिवाद लंगडा आहे, असं आई म्हणते. असेल.

एक विनंती मात्र आहे. तिच्या बैठकीत कुणीतरी उठून "तुमची मुलगी काय करते?" असं विचारतं, आणि तिला खाली बसावं लागतं. तिच्या कामाशी माझा काही संबंध नाही. जे विचारायचं ते मला विचारा. माझा नंबर तुमच्याकडे आहे.