डोप टेस्ट, सोयाबीन आणि पावडरचा डबा

वेटलिफ्टिंगच्या नॅशनल्सला ब्राँझ लागलं, खाली उतरलो तर शॅपरोन, म्हणजे डोप टेस्टसाठी खेळाडूवर नजर ठेवणारा माणूस, हजर, सही घेतली आणि मग सॅम्पल देईपर्यंत माणूस पाठ सोडेना. वजन बसवायला आदल्या दिवसापासून पाणी तोडलेलं, आणि यांना हवं 90 मिली! दोन तासांत थेंबभर. मग बाटल्यांवर बाटल्या प्यायलो तर म्हणे फार पातळ आहे, परत द्या. त्यांच्यासमोरच, टीशर्ट छातीपर्यंत वर करून, हे कोणी आधी सांगत नाही.

शेवटी स्वतःच्या हातानं ए आणि बी बाटल्या भरल्या, झाकणं कट्‌कट् आवाज येईपर्यंत फिरवली. मग फॉर्म, गेल्या 7 दिवसांत काय काय घेतलं ते लिहा. तिथे पेन थांबलं. जिमजवळच्या दुकानातनं एक डबा घेतला होता, 'नॅचरल टेस्टो बूस्टर', म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवतो म्हणणारा. लिहिलं खरं, पण झोप उडाली.

इंदूरला आल्यावर मावसभावाला गाठलं, तो केमिस्ट्रीवाला. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताखाता म्हणाला, "आधी टेस्टोस्टेरॉन आणि त्याचं जुळं भावंड एपिटेस्टोस्टेरॉन यांचा रेशो बघतात, 4 च्या वर गेला की संशय. पण दारूनंही वाढतो, आणि काही जणांचा मुळातच कमी असतो, ते घेऊनसुद्धा 4 च्या खाली राहतात. म्हणून मग कार्बन बघतात."

कार्बन म्हणजे काय, तर तेरा वजनाचा जड कार्बन, शंभरात साधारण एकच असतो. मका, ऊस, ज्वारी यांच्यात तो थोडा जास्त, सोयाबीन, गहू, तांदूळ यांच्यात कमी. मोजमाप एका ठरलेल्या नमुन्याशी तुलना करून, हजारात किती कमी असं उण्यात येतं, मका उणे 12 च्या आसपास, सोयाबीन उणे 27. आणि बाजारातलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक सोयाबीनसारख्या झाडांच्या स्टेरॉलपासून बनवतात. म्हणजे आपल्या माळव्याचं पीक! शरीराचं स्वतःचं मात्र आपल्या मिसळ खाण्यातून बनतं, म्हणून दोघांचा आकडा वेगळा. लॅबमध्ये लघवीतनं स्टेरॉइड वेगळं काढतात, जाळून कार्बन डायऑक्साइड करतात आणि तो मोजतात.

मी घाबरलोच. "दादा, मी रोज सोया चंक्स खातो रे!"

तो हसला. म्हणे तुझी तुलना तुझ्याशीच होते. शरीर ज्या कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतं, त्याच्यापासूनच प्रेग्नेनडायोल नावाचं दुसरं स्टेरॉइडही बनवतं, त्याच्याशी ताडून बघतात. सोया खाल्लंस तर दोन्ही आकडे बरोबर सरकतात, बाहेरून टोचलंस तर टेस्टोस्टेरॉनचाच आकडा खाली जातो, प्रेग्नेनडायोल जागच्या जागी. दोघांत 3 च्या वर फरक पडला की संपलं.

मला हे फार आवडलं, म्हणजे भीती होती तरी आवडलं. पण त्यानं पुढचंही सांगितलं, डब्यात कोणी गुपचूप खरं हार्मोन मिसळलं असेल तर तेही असंच दिसणार, आणि जबाबदारी तुझीच, मला माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. कीस तिथेच गार झाला.

पुढे सहा आठवडे फोन वाजला की पोटात गोळा. प्रॅक्टिस चालू होती पण स्नॅचला बार डोक्यावर थांबायलाच तयार नाही, कोच चिडायचे, त्यांना कारण सांगायची हिंमत नाही. शेवटी मेल टाकून विचारलं, निगेटिव्ह. बस, एवढंच एका ओळीत.

पावडर त्याच दिवशी ओतून दिली. डबा मात्र आईनं घासून ठेवलाय, त्यात आता लसणाची शेव असते.