पाच मे, पाच डॉलर आणि नाना

डॅलसमध्ये मे महिना उजाडला की दर दुसऱ्या रेस्टॉरंटच्या दारावर रंगीत कागदी झिरमिळ्या लागतात, आणि ज्यांना नकाशात मेक्सिको सापडेल की नाही याची मला शंका आहे, अशी मंडळी 'सिंको दे मायो' (स्पॅनिशमध्ये पाच मे) म्हणून आरोळ्या ठोकत मार्गारिटा नावाचं कॉकटेल रिचवतात. मीही रिचवते. स्वयंपाक नाही, आवराआवर नाही, पाहुणे नाहीत. असा सण कोण सोडेल?

यंदा मात्र नाना आमच्याकडे होते. नाना म्हणजे माझे सासरे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. नवऱ्याने आठवडाभर आधीच बजावलं होतं, "या वेळी नको हं." कारण नवरा पन्नाशीला टेकला तरी नानांच्या लेखी तो सुपारीसुद्धा न खाणारा मुलगा आहे. गराजमधला बिअरचा फ्रीज नाना आल्या दिवसापासून 'बिघडलेला' आहे आणि त्याच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी रचून ठेवली आहे.

पण टीव्हीवरच्या जाहिराती काही थांबवता येत नाहीत. नानांनी विचारलं, "हे काय आहे रे पाच मेला?"

"मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन," नवरा म्हणाला.

"तो सोळा सप्टेंबर," नाना म्हणाले, आणि संध्याकाळी चपला घालून आमच्या आधी गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

रेस्टॉरंटच्या दारात एक मुलगी सगळ्यांना खोट्या मिश्या वाटत होती. हा प्रकार मला मनापासून आवडत नाही. दुसऱ्याच्या विजयदिनाला त्याचीच नक्कल करायची, हे काय? नानांनी आपल्या खऱ्या, पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला आणि पुढे गेले.

टेबलावर चिप्स आणि सालसा आला. हे फुकट असतं कळल्यावर नानांची कळी खुलली. मग त्यांनी सालसाची वाटी मधोमध सरकवली. "हा मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहराचा ग्वादालुपे किल्ला. ही मिठाची बाटली म्हणजे मेक्सिकोचा जनरल सारागोसा. वय तेहतीस, डोळ्यांवर चष्मा, आणि जन्म कुठला? तुमच्याच टेक्सासमधल्या गोलियादचा! तेव्हा तो मुलूख मेक्सिकोचा होता." मूळ भानगड उधारीची. 1861 साली राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ यांनी तिजोरीत खडखडाट म्हणून परदेशी कर्जाचे हप्ते दोन वर्षं थांबवले. इंग्लंड, स्पेन आणि फ्रान्स वसुलीला जहाजं घेऊन आले. पहिल्या दोघांनी बोलणी केली आणि घरी गेले. फ्रान्सच्या बादशहाला, तिसऱ्या नेपोलियनला, मात्र हप्ता नको होता, अख्खा देशच हवा होता.

"फ्रेंच सेनापती लोरांसेझ! हाताशी सहा हजार माणसं असली की मीच मेक्सिकोचा मालक, असं आधीच मायदेशी कळवून बसलेला!" नानांनी मूठभर चिप्स वाटीवर चालवल्या. "चढावरून हल्ला. एकदा, दोनदा, तीनदा. वर पाऊस, खाली चिखल." चिप्स मोडत होत्या आणि नाना मोडलेले फ्रेंच एकेक करून खात होते. शेजारच्या टेबलावरची पोरं दारू विसरून ऐकायला लागली. नाना मराठीत बोलत होते, पण लढाई कळत होती. प्वेब्लाच्या त्या विजयाची तारीख 5 मे 1862.

"पण," नानांनी बोट वर केलं, "पुढच्याच वर्षी फ्रेंच दुप्पट-चौपट होऊन परत आले. प्वेब्ला पडलं, राजधानी गेली. सारागोसा तर बिचारा सप्टेंबरातच विषमज्वराने गेला होता." फ्रेंचांनी बसवलेल्या माक्सिमिलियन बादशहाला गोळ्या घालायला 1867 उजाडावं लागलं. म्हणजे हे टेक्सास ज्यासाठी पितं ती एका दिवसाची जीत. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पाच डॉलरच्या मार्गारिटासाठी एका दिवसाची जीत पुष्कळ झाली.

मग नानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मेनूकार्ड डोळ्यांजवळ नेलं. "मार्गारिटा. टकीला, लिंबू, क्वांत्रो. हे क्वांत्रो काय?"

"संत्र्याच्या सालीचं मद्य असतं," मी म्हणाले. "फ्रान्सचं."

नानांनी मेनूकार्ड खाली ठेवलं. "फ्रेंचांना हरवलं म्हणून फ्रेंच दारू?" असे खदाखदा हसले की ठसका लागला. साध्या मार्गारिटात फ्रेंच माल घालत नाहीत, स्वस्तातलं काहीतरी ओततात, हे मी सांगितलं. पण त्यांना ते मान्य नव्हतं. "नाही, नाही. मला फ्रेंचवालीच मागव."

नवऱ्याने आधीच आइस्ड टी सांगून टाकला होता.

नानांची मार्गारिटा आली ती बर्फाचा रगडा झालेली. हा प्रकार अस्सल डॅलसचा. इथल्या मारियानो मार्टिनेझ यांच्या रेस्टॉरंटात ब्लेंडरवर प्रत्येक ग्लासाची चव वेगळी येई, गिऱ्हाईक कुरकुरे, बारटेंडर वैतागून नोकरी सोडायला निघाला. तेव्हा 1971 साली त्यांनी आइस्क्रीमचं जुनं मशीन घेऊन त्यात मार्गारिटा फिरवली. ते मशीन आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. नानांनी काठावरचं मीठ बोटाने चाखलं, एक घोट घेतला, आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "गराजमधला फ्रीज चालू कर आता. रद्दी माझ्या खोलीत आणून ठेव, वाचायची आहे."

नवऱ्याचा चेहरा मी फोनमध्ये टिपलाय. इथे टाकायची परवानगी नाही.

तरी गाडी त्यालाच चालवायची होती, कारण नानांनी माझ्यासाठीही 'फ्रेंचवाली' मागवली होती. तो दोन तास आइस्ड टी ढवळत बसला. इथे तो ग्लास फुकट भरून देतात, त्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला असंही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं. ती मूळची प्वेब्लाचीच. तिच्या लहानपणी पाच मे म्हणजे शाळेच्या गणवेशात उन्हातान्हात संचलन आणि घरी आल्यावर मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा. "आपण एवढे मोठे जिंकलो होतो, हे मला अमेरिकेत येऊन बिअरच्या जाहिरातींमुळे कळलं," ती म्हणाली. खरी धमाल स्पेनपासून सुटल्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री, पंधरा सप्टेंबरला असते: राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात येऊन घंटा वाजवतात आणि खालचा चौक 'विवा मेक्सिको' ओरडतो. तिच्या घरी त्या रात्री पोसोलेचं (मक्याच्या दाण्यांच्या रश्शाचं) मोठं पातेलं चढतं, आणि नानांना आमंत्रण आहे.

नानांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात पंधरा सप्टेंबरला गोल केला आणि खाली लिहिलं, 'स्पॅनिश दारू चालेल का, विचारणे.' नवऱ्याने त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'गाडी कोण चालवणार?' अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.